चारशे सतरा नंबरचं रक्त

ऑफिसात तिला सगळे ‘प्रश्नवाली’ म्हणत. तिचं काम प्रश्नावली भरून घेण्याचं. पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी जीभ घसरली, ‘प्रश्नावलीवाल्या बाई’चं ‘प्रश्नवाली’ झालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक बैठी इमारत होती. पूर्वी तिथे चादरी आणि गाऊन धुतले जायचे. आता तिथे संशोधन चालायचं, पण भिंतींना अजून सोड्याचा वास होता आणि फरशीला मधोमध पाणी वाहून जायला उतार होता. त्यामुळे टेबलावर ठेवलेलं पेन हळूहळू घरंगळत एकाच बाजूला जायचं. प्रश्नवाली आपली खुर्ची टेबलाच्या समोर न ठेवता कडेला, काटकोनात ठेवायची. समोरासमोर बसलं की माणसाला चौकशी चालल्यासारखं वाटतं आणि तो सावध होतो, कडेला बसलं की गप्पा मारतो, असं तिचं म्हणणं.

येणारे सगळे पुरुष, चाळिशीच्या पुढचे. त्यांना सिगारेटींबद्दल विचारायचं, मग शेजारच्या खोलीत रक्त द्यायला पाठवायचं. ‘दिवसाला किती ओढता?’ असं थेट विचारलं की जवळजवळ प्रत्येकाचा आकडा दहावर येऊन थांबायचा. जणू दहाच्या पुढे कुणाला मोजताच येत नाही. म्हणून ती तसं विचारायचीच नाही. ‘सकाळी डोळे उघडल्यावर पहिली कधी पेटवता? तोंड धुण्याआधी की नंतर?’ असं ती विचारायची. तिथून माणूस आपोआप दिवसभराचा पाढा वाचायचा, आणि ती गुपचूप रेघा ओढत जायची. रेघा कधी बावीस व्हायच्या, कधी तीस.

हे सगळं कशासाठी, ते डॉक्टरीणबाईंनी तिला कामावर घेताना समजावलं होतं. एक व्हायरस आहे, दोन शास्त्रज्ञांचं जोडनाव लावणारा. तो लहानपणी बहुतेक सगळ्यांना होऊन जातो. थोडा ताप येतो, घसा दुखतो, आईबाप विसरूनही जातात. पण व्हायरस जात नाही. अंगातच पडून राहतो, कुणाला त्रास न देता. काही थोड्या माणसांत मात्र तो पुन्हा डोकं वर काढतो, आणि त्यातल्याही फार थोड्यांना नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात कॅन्सर होतो. व्हायरस चाळवला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या रक्तात मोजता येतात.

“आपल्याला एवढंच बघायचंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “की सिगारेट ओढणाऱ्यांत या अँटिबॉडी जास्त सापडतात का. धूर त्या झोपलेल्याला जागं करतो का.”

तिच्या बाबांना हे कळलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “माझं रक्त घ्या.”

बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांना वरखाली नेलं आणि स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहिले. आई गेल्यावर, गुडघ्यांनी पण हात टेकल्यावर, ते लेकीकडे राहायला आले. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये त्यांच्यासोबत कायम एकच जोडीदार असायचा. एकाने दोर तपासायचे, दुसऱ्याने ब्रेक. आणि काम झालं की दोघांनी पाण्याच्या टाकीला टेकून सिगारेट ओढायची. पुढे त्या जोडीदाराची एक नाकपुडी कायमची चोंदली. सर्दी, सर्दी म्हणत त्याने वर्ष घालवलं. मग मानेत गाठ आली. नाकामागचा कॅन्सर निघाला आणि दीड वर्षात तो गेला.

त्याला निरोप देऊन परत येताना, सगळ्या जुन्या कामगारांच्या देखत, बाबांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि म्हणाले, “आजपासून बंद.” या गोष्टीला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात, ओळखीपाळखीत बाबांचं उदाहरण दिलं जायचं. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात! बाबाही ते सांगताना थोडे ताठ बसायचे.

घरच्या माणसाची मुलाखत घरच्याने घ्यायची नाही, असा नियम होता. म्हणून बाबांची प्रश्नावली पोस्टमनकाकांनी भरली. हे तिचे सहकारी. तीस वर्षं पत्रं वाटून निवृत्त झालेले, त्यामुळे नाव तेच राहिलेलं. बाबा घरी आले ते खुशीत. सोबत एक कार्ड आणलं होतं, त्यावर नुसता नंबर होता, चारशे सतरा. इथे नावं कधीच लिहीत नसत. बाबांनी ते कार्ड फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलं, शाळेतल्या पोराने बक्षीस लावावं तसं.

“काय विचारलं?” जेवताना तिच्या नवऱ्याने विचारलं.

“विचारायचं काय? ओढत होतो, सोडली. कधी? चार वर्षं झाली. किती दिवसांत? म्हटलं, एका दिवसात. लिहिता लिहिता थांबला तो माणूस.” बाबांनी पाण्याचा घोट घेतला. “मनाचा निश्चय लागतो, जावईबापू. कुबड्या लागत नाहीत.”

नवरा मान खाली घालून जेवत राहिला. हा टोला कुणाला आहे ते तिघांनाही ठाऊक होतं. तो रंगांच्या दुकानात रंग मिसळून द्यायचा. गिऱ्हाइकाने कापडाचा तुकडा आणून दाखवला की बरोबर तसाच रंग काढून देणारा, हातात जादू असलेला माणूस. पण सिगारेटपुढे त्याचं काही चालत नव्हतं. तीन वेळा सोडून तीन वेळा धरली होती. दोन वर्षांपूर्वी त्याने औषधाच्या दुकानातून निकोटीनचं च्युइंगम आणलं होतं. तेव्हा बाबा हसून म्हणाले होते, “दारू सोडायला दारूचंच चॉकलेट!” चौथ्या दिवशी ते पाकीट त्याने फेकून दिलं आणि तो परत बाल्कनीत उभा राहू लागला.

महिन्याभराने लॅबकडून एक यादी आली. रक्तात अँटिबॉडीसोबत आणखी एक गोष्ट तपासत होते, कोटिनिन. निकोटीन अंगात गेलं की शरीर त्याचं कोटिनिन करतं आणि ते काही दिवस टिकतं. ‘मी ओढत नाही’ म्हणणाऱ्याने परवा ओढली असेल तर रक्त चुगली करतं. यादीत अकरा नंबर होते. प्रश्नावलीत ‘ओढत नाही’ किंवा ‘सोडली’ लिहिलेलं, आणि कोटिनिन मात्र रोज ओढणाऱ्याएवढं. या अकरांना पुन्हा बोलवायचं होतं.

पोस्टमनकाकांनी यादी टेबलावर ठेवली. ती वाचता वाचता प्रश्नवालीचं बोट सहाव्या ओळीवर थांबलं. चारशे सतरा.

“काय गं पोरी? बरं वाटत नाही का?”

“काही नाही काका. ऊन लागलंय.”

बाहेर आभाळ भरून आलेलं होतं. काकांनी खिडकीकडे पाहिलं.

त्या दिवशी तिने जे केलं त्याची तिला नंतर कितीतरी दिवस लाज वाटली. दुपारी लवकर घरी आली. बाबा वाचनालयात गेले होते. तिने त्यांचा कोट हुंगला. खिसे उलटे केले. निघाली ती बसची तिकिटं, एक पाना आणि औषधाची चिठ्ठी. गादी उचलून पाहिली. बाथरूमच्या खिडकीची चौकट बोटाने पुसून राख दिसते का ते पाहिलं. कुठे काही सापडलं नाही, आणि काही सापडत नाही म्हणून तिचा संशय वाढतच गेला. इतकं सराईतपणे लपवतात म्हणजे कधीपासून चाललंय हे?

संध्याकाळी नवरा आल्याआल्या तिने त्याला बाल्कनीत गाठलं.

“बाबा तुझ्याकडून सिगारेट घेतात का?”

त्याने काडी ओढता ओढता थांबून तिच्याकडे पाहिलं. “मला उठता-बसता ऐकवणारा माणूस माझ्यापुढे हात पसरेल? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? आणि असं का विचारतेस?”

आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा उमगलं. नंबरामागचा माणूस आपण ओळखला होता, तो कुणाला कळू द्यायचा नव्हता, आणि एका प्रश्नात तिने तो अर्धा सांगून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि फ्रिजवरच्या कार्डापासून बाल्कनीपर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. नोकरी जाईल असं तिने धरूनच ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

“चूक झाली, खरी. पण पहिली चूक आमची. कार्ड घरी न्यायला देतो आणि घरच्याच माणसाला यादी वाचायला देतो. हे आजच बदलते.” मग त्या जरा थांबल्या. “त्यांना पोस्टमन बोलावतील. तू मध्ये पडू नकोस. घरी मुलगी बनून राहा, प्रश्नवाली नको.”

बाबांना बोलावणं गेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि तासाभरात परत आले ते लालबुंद होऊन. दार तिनेच उघडलं, तर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

“मला खोटारडा ठरवला! या वयात! तो माणूस मला गोड आवाजात विचारतो, ‘आठवून बघा, मधे कधी एखादी?’ एखादी? चार वर्षांत मी काडी पेटवलेली नाही! गॅस पेटवायला लायटर वापरतो मी!”

“बाबा, बसा तरी.”

“तूच काहीतरी सांगितलंस त्यांना.”

“मी काही सांगितलं नाही.”

“मग कुणी सांगितलं?”

“तुमच्या रक्ताने,” ती म्हणून गेली.

“मग रक्त खोटं बोलतंय!” असं म्हणून बाबा खुर्चीत बसले. राग होताच, पण ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सहा वर्षं ती लोकांचं खोटं ऐकत आली होती. खोटं बोलणारा माणूस डोळ्याला डोळा भिडवतो, मुद्दाम भिडवतो. बाबांना तिच्या डोळ्यांत बघायचं भानच नव्हतं. त्यांना खरोखरच अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. आणि तरी रक्त खोटं नव्हतं. मग दोघंही खरं बोलत असतील तर? कधीकधी उत्तर बरोबर असतं आणि प्रश्नच वाकडा असतो, हे तिला कामाने शिकवलं होतं.

मध्ये पडू नकोस, असं सांगितलेलं तिला आठवलं. तिने खुर्ची ओढली. टेबलाच्या कडेला, काटकोनात.

“बाबा, सिगारेट राहू द्या. सकाळी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा तोंडात काय जातं?”

“पाणी.”

“त्याच्या आधी?”

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं टीं-टीं बराच वेळ ऐकू येत राहिलं. मग बाबांनी शर्टाच्या आतल्या खिशात हात घातला आणि चष्म्याचं घर काढलं. चष्मा तर त्यांच्या डोळ्यांवरच होता. त्यांनी घर उघडून टेबलावर ठेवलं. आत रुपेरी पन्नीत चौकोनी गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. निकोटीनचं च्युइंगम.

“आठ लागतात,” ते म्हणाले. “कधी नऊ.”

“किती वर्षं?”

“चार.”

तिला आधी हसू आलं, मग रडू, आणि दोन्ही आवरायला ती पाणी आणायला उठली.

“ऐक,” बाबा म्हणाले, आता आवाज अगदी खाली आला होता. “पाकीट टाकलं ते मनापासून टाकलं. नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी भिंतीवर डोकं आपटावं असं झालं. म्हटलं, आता ओढली तर जोडीदाराच्या बायकोला तोंड कसं दाखवू? मग दोन बस बदलून गावाच्या त्या टोकाला गेलो, जिथे कुणी ओळखत नाही. तिथल्या औषधवाल्याने हे दिलं. म्हटलं, आठवडाभर घेऊ आणि सोडू. तोवर सगळीकडे बोभाटा झाला होता. जो तो पाठ थोपटतोय. एका दिवसात सोडली, वाघ आहे! कौतुक असं गळ्यात पडलं की काढता येईना.”

“मग तुमच्या जावयाला का हसलात? त्याने हेच आणलं होतं ना?”

बाबांनी चष्म्याचं घर बंद केलं, उघडलं, परत बंद केलं. “त्याच्या हातात ते पाकीट बघितलं आणि वाटलं, माझंच कुणीतरी टेबलावर आणून टाकलंय. घाबरलो. घाबरलेला माणूस आधी दुसऱ्याला हसतो.”

दुसऱ्या दिवशी बाबा कुणी न बोलावता स्वतःच्या पायांनी पोस्टमनकाकांकडे गेले आणि आपली प्रश्नावली दुरुस्त करून आले. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. प्रश्नावलीत सिगारेट होती, विडी होती, सिगार आणि पाइपही होता. निकोटीनचं च्युइंगम किंवा चिकटपट्टी वापरता का, हा प्रश्नच नव्हता. उरलेल्या दहाजणांना तसं विचारलं तेव्हा आणखी तिघे च्युइंगमवाले निघाले. एक जण रोज दंडाला पट्टी लावणारा निघाला. बाकीच्या सहांनी मात्र खरंच थाप मारली होती. त्यातल्या एकाने तर बायको सोबत आली होती म्हणून तसं सांगितलं, असं हात जोडून कबूल केलं.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण पुढच्या पंधरवड्यात बाबांना बंद पाकिटातून पत्र आलं. त्यांच्या अँटिबॉडींची पातळी बरीच वर होती. घाबरण्याचं कारण नाही, पण नाक-घशाच्या डॉक्टरांकडून एकदा आतून तपासून घ्यावं, असं त्यात लिहिलं होतं. ‘घाबरण्याचं कारण नाही’ हे वाक्य बाबांनी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा आणखी उतरला. त्यांच्या जोडीदारालाही सुरुवातीला हेच वाक्य ऐकवलं होतं.

चार दिवस घरात कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. बाबा सारखे एक नाकपुडी दाबून दुसरीतून श्वास घेऊन बघायचे. सगळ्यांकडे पाठ करून आरशात बघत मान चाचपायचे. तपासणीच्या दिवशी नवऱ्याने दुकानातून सुट्टी घेतली आणि गाडी काढली. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

तपासणीच्या खोलीबाहेर तिघं एका बाकावर बसले होते. समोरच्या भिंतीवर नाकाचं भलंमोठं चित्र होतं, आत बोगद्यांसारख्या वाटा दाखवलेल्या. बाबा त्याच्याकडे बघत होते. अचानक ते जावयाकडे वळले.

“जावईबापू, मी एका दिवसात सोडलेली नाही.”

“काय?”

“सिगारेट. ती सोडली, पण च्युइंगम चघळतो. चार वर्षं. तुम्ही आणलं होतं ना, तेच. तेव्हाही माझ्या खिशात होतं.”

नवऱ्याला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, म्हणजे हिलाही माहीत होतं.

“दोन वर्षं, बाबा,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट फार हळू होता. “मी तेव्हा चार दिवस काढले होते. चांगले गेले होते. तुमच्या एका वाक्यावर फेकलं मी ते. दोन वर्षं फुकट ओढली.”

“हो,” बाबा म्हणाले.

“नुसतं हो?”

“दुसरं काय म्हणू? माफ करा म्हणतो. पण त्याने तुमची दोन वर्षं परत येत नाहीत, हे कळतंय मला.”

नवरा उठला आणि लांब ढांगा टाकत बाहेर गेला. तेवढ्यात नर्सने आतून हाक मारली. बाबा लेकीचा हात धरून आत गेले.

डॉक्टरांनी नाकात औषधाचा फवारा मारला, तो बाबांना कडू लागला. मग शेवईसारखी बारीक नळी हळूहळू आत सरकवली. पडद्यावर एक ओला गुलाबी बोगदा दिसू लागला. बाबांनी खुर्चीचे हात असे घट्ट धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली. ती पडद्याकडे बघायची, मग डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायची. लिफ्ट तपासताना बाबा कसे दिसायचे ते तिला आठवत होतं. चेहऱ्यावर काही न दाखवता, दोराच्या एकेका पिळावरून बोट फिरवत. हे डॉक्टर अगदी तसेच दिसत होते. त्यांनी दुसऱ्या बाजूनेही पाहिलं, मान दाबून पाहिली आणि मग नळी बाहेर काढली.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “काही नाही.”

बाबांनी डोळे पुसले. औषधामुळे येतंय पाणी, असं सांगायला ते विसरले नाहीत.

“मग ही पातळी वर का?” त्यांनी विचारलं. “सिगारेटींमुळे?”

“असू शकेल. नसूही शकेल. तुमच्या एकट्याच्या रक्तावरून ते कुणी सांगू शकणार नाही. पातळी वर म्हणजे आजार नव्हे. पण दरवर्षी येऊन एकदा दाखवून जायचं. नाक चोंदलं, रक्त आलं, मानेत काही लागलं, तर वर्षाची वाट बघायची नाही.”

बाहेर आले तेव्हा नवरा बाकावर परत येऊन बसलेला होता. त्याच्या कपड्यांना धुराचा वास येत होता. “काय म्हणाले?” त्याने विचारलं. तिने सांगितलं. त्याने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, आणि मग एक शब्दही न बोलता बाबांची पिशवी उचलली.

अबोला जवळजवळ महिनाभर चालला. वागण्यात नवरा कुठे कमी पडला नाही. बाबांची औषधं आणायचा, त्यांच्या खोलीचा दिवा बदलायचा, पण बोलायचा नाही. प्रश्नवाली दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी वावरत होती. ‘बाबा विचारतात, गरम पाणी चालू आहे का?’ ‘सांग, चालू आहे.’ एका घरात राहून हे असं. एकदा तिने नवऱ्याला म्हटलं, “किती दिवस ताणणार?” तो म्हणाला, “मला राग त्यांच्या च्युइंगमचा नाही. मी स्वतःला दोन वर्षं नालायक समजत होतो, त्याचा आहे. तो जायला वेळ लागेल.”

मग एका रविवारी सकाळी बाबा पेपर वाचत असताना तो समोर येऊन बसला.

“दोन मिलिग्रॅमवालं घेता की चारवालं?”

बाबांनी पेपर खाली केला. “आधी चारवालं. आता दोनवालं.”

“चघळायचं कसं? मागच्या वेळी माझा जबडा दुखून आला, उचक्या लागल्या.”

“सारखं चघळायचं नसतं,” बाबा म्हणाले, आणि आवाजात नकळत जुना मेकॅनिक आला. “जिभेला झणझणलं की थांबायचं, गालात दाबून ठेवायचं. झणझण गेली की परत. मलाही आधी कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवस उचक्या देत होतो मी, तुझ्या सासूबाईंच्या फोटोसमोर बसून.”

इतक्या वर्षांत बाबांनी त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं असावं, पण कुणी दाखवलं नाही.

तिथून पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. नवऱ्याने सहा आठवडे काढले, मग दुकानात एका मोठ्या ऑर्डरचा रंग चुकला आणि त्या दिवशी त्याने ओढली. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सुरुवात केली. बाबांनी स्वतःचे आठाचे पाच केले, पाचाचे तीन. तिनावर मात्र ते अडून बसले. आणि जोडीदाराच्या बायकोला एक दिवस फोन करून त्यांनी तिलाही खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, “भाऊजी, त्यांनी असलं काही वेळेत चघळलं असतं तर मला चाललं असतं हो.”

वर्षाच्या शेवटी संशोधनाचा निष्कर्ष आला. ओढणाऱ्यांत अँटिबॉडी वर असणारे जास्त निघाले, ज्यांनी कधीच ओढली नाही त्यांच्यात कमी, आणि सोडलेले मधेच कुठेतरी. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि बजावलं, “संबंध दिसलाय. कारण सापडलंय असं कुणी बाहेर बोलू नका.”

“आणि आमचं काय?” घरी बाबांनी विचारलं. “च्युइंगमवाल्यांचं?”

“तुम्ही फारच थोडे आहात बाबा. तुमच्यावरून काही सांगता येत नाही म्हणाल्या. शेवटच्या पानावर तळटीप आहे तुमची.”

“तळटीप!” बाबा म्हणाले. पण त्यांना ते फारसं लागलं नाही. उलट त्यांनी ती तळटीप मागवून घेतली आणि चष्मा लावून दोनदा वाचली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते वार्षिक तपासणीला गेले. या वेळी एकटेच, बसने. नाक स्वच्छ होतं. रक्ताची पातळी मागच्यापेक्षा खाली आली होती. परत आले तेव्हा नवरा बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होता. बाबा दारातच थांबले, आणि छाती थोडी पुढे आली.

“खाली आली,” ते म्हणाले. “पातळी.”

“अरे वा! कशाने?”

बाबांनी तोंड उघडलं. लेक आतून बघत होती. तिला वाटलं, आता ते ताठ होणार आणि मनाच्या निश्चयावर सुरू होणार. बाबांनी क्षणभर विचार केला.

“माहीत नाही,” ते म्हणाले. “डॉक्टरांनाही माहीत नाही. आली खाली, एवढं खरं.” आणि पुढे होऊन त्यांनी दोरीवरच्या चादरीचं दुसरं टोक धरलं.